एका रस्त्याची दोन टोके

पुण्याहून पूर्वेकडे निघालेला नगर रस्ता वाघोलीवरून पुढे जातो. वाघोली हे जुने गाव. वाघेश्वराचे मंदिर आणि मराठेशाहीतील सरदार पिलाजीराव जाधवराव यांची समाधी यांमुळे ते इतिहासाला परिचित आहे. २०२१ साली हे गाव पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले आणि आज तेथे उंच इमारतींची दाटी झाली आहे. परंतु १९३९ ते १९४५ या सहा वर्षांत, जेव्हा दुसऱ्या महायुद्धाच्या वणव्यात अर्धे जग होरपळत होते, तेव्हा ते शेतकऱ्यांचे एक गाव होते. त्याच्या शिवारात ना शत्रूचा बाँब पडला, ना तोफेचा गोळा. रणांगणे हजारो मैल दूर होती. तरीही त्या महायुद्धातील एक मोठा प्रश्न या रस्त्याच्या दोन्ही टोकांना उभा होता.

वाघोलीहून पुण्याकडे निघाले, की शहरात शिरताना आगाखान पॅलेस लागतो. उलट दिशेने गेले, तर रस्ता नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला पोचतो. तेथे निजामशाहीच्या काळातील प्रसिद्ध भुईकोट किल्ला आहे. महायुद्ध ऐन भरात असताना या दोन्ही वास्तू तुरुंग झाल्या होत्या. एकीत महात्मा गांधी बंदिवान होते, तर दुसरीत जवाहरलाल नेहरू, सरदार वल्लभभाई पटेल, मौलाना अबुल कलाम आझाद आणि त्यांचे सहकारी. आणि याच नगर जिल्ह्याचा एक तरुण शिपाई त्या वेळी इंग्रजांच्या सैन्यात होता. पुढे इटलीत त्याने अतुल पराक्रम गाजवला. एकाच देशाचे पुत्र. काही तुरुंगात, काही रणांगणावर. असे का झाले, हे समजण्यासाठी त्या महायुद्धाची कथा आरंभापासून पाहिली पाहिजे.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. पुढच्या वर्षी झालेल्या व्हर्सायच्या तहाने पराभूत जर्मनीवर कडक अटी लादल्या. जर्मन जनतेच्या मनात संताप खदखदत होता. त्यात बेकारीची भर पडली. या असंतोषाचा लाभ उठवून १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. आपला वंश श्रेष्ठ, इतरांनी आपल्या टाचेखाली राहावे, अशी त्याची शिकवण होती. पूर्वेकडे जपानलाही साम्राज्याची हाव सुटली होती. १९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले आणि डिसेंबरात नानकिंग शहर जिंकल्यावर तेथील निःशस्त्र नागरिकांची आठवडेच्या आठवडे निर्घृण कत्तल केली.

भारत तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता. पण परक्याच्या दुःखाबद्दल तो उदासीन नव्हता. १९३८ साली काँग्रेसने चीनच्या साहाय्यार्थ पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यांपैकी एक होते. त्यांनी चिनी सैनिकांची अहोरात्र शुश्रूषा केली आणि १९४२ च्या डिसेंबरात, अवघ्या ३२ व्या वर्षी, तेथेच देह ठेवला. ज्या काँग्रेसच्या नेत्यांना पुढे युद्धकाळात बंदिवास घडला, ते आक्रमकांचे मित्र नव्हते, हे यावरून स्पष्ट होते.

युरोपात त्याच वर्षी एक दुर्दैवी करार झाला. झेकोस्लोव्हाकियाचा जर्मनीलगतचा सुडेटन प्रांत हिटलरला हवा होता. १९३८ च्या सप्टेंबरअखेर म्युनिक येथे जर्मनी, इटली, ब्रिटन आणि फ्रान्स या चार देशांचे प्रमुख एकत्र आले आणि तो प्रांत जर्मनीला देण्याचे त्यांनी ठरवले. ज्या देशाची भूमी तोडून द्यायची, त्याला मात्र बैठकीत स्थान नव्हते. त्याचे प्रतिनिधी त्याच शहरात तिष्ठत बसले होते; त्यांना झालेला निर्णय तेवढा कळवण्यात आला. या त्यागाने शांतता लाभेल, अशी ब्रिटनच्या पंतप्रधानांना आशा होती. परंतु सहा महिन्यांच्या आतच, १९३९ च्या मार्चमध्ये, हिटलरच्या फौजा प्राग शहरात शिरल्या. दुर्बळाचा बळी देऊन विकत घेतलेली शांतता फार काळ टिकत नाही, हा धडा जगाने फार मोठी किंमत देऊन शिकला.

असाच दुसरा करार २३ ऑगस्ट १९३९ रोजी मॉस्को येथे झाला. जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांनी परस्परांवर आक्रमण न करण्याचे वचन दिले. परंतु त्याच वेळी एका गुप्त कलमाने पोलंडची वाटणीही करून टाकली. पोलंडला कोण विचारतो? १ सप्टेंबर रोजी जर्मन सैन्य पोलंडमध्ये घुसले, १७ सप्टेंबर रोजी पूर्वेकडून रशियाचे सैन्य आले, आणि एक स्वतंत्र राष्ट्र दोघांनी वाटून घेतले.

पोलंडच्या रक्षणासाठी ब्रिटन आणि फ्रान्स यांनी ३ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारतही युद्धात सामील असल्याचे घोषित केले. कोट्यवधी लोकांच्या देशाला युद्धात ओढण्यापूर्वी त्याच्या एकाही निवडून आलेल्या प्रतिनिधीला विचारण्यात आले नाही. म्युनिकमध्ये झेकांना जो अनुभव आला, तोच येथे भारतीयांना आला. काँग्रेसने सरकारला सरळ प्रश्न केला: हे युद्ध जर लोकशाहीसाठी आणि स्वातंत्र्यासाठी असेल, तर ते स्वातंत्र्य भारताला मिळणार की नाही? समाधानकारक उत्तर आले नाही. तेव्हा मुंबईसह अनेक प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले.

इकडे युद्धाचा भडका वाढतच होता. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स शरण गेला. मॉस्कोच्या कराराची शाई पुरती वाळली नाही तोच, २२ जून १९४१ रोजी, हिटलरने रशियावरच आक्रमण केले. त्या वर्षी १४ ऑगस्टला ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल आणि अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ‘अटलांटिक सनद’ प्रसिद्ध केली. कोणत्या पद्धतीच्या राज्यकारभाराखाली राहावे, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक जनतेला आहे, असे तिच्यात म्हटले होते. भारतात आशेचा किरण चमकला. पण महिना लोटण्यापूर्वीच चर्चिल यांनी पार्लमेंटात सांगितले, की हे वचन मुख्यतः हिटलरने पादाक्रांत केलेल्या युरोपीय राष्ट्रांसाठी आहे. एकाच वाक्याचा अर्थ युरोपात एक आणि आशियात दुसरा ठरला!

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बर येथील अमेरिकन आरमारावर अकस्मात हल्ला केला आणि अमेरिका युद्धात उतरली. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. मार्चमध्ये रंगून पडले. युद्ध भारताच्या दाराशी येऊन ठेपले. सर स्टॅफर्ड क्रिप्स हे ब्रिटिश मंत्री वाटाघाटींसाठी दिल्लीस आले. परंतु स्वराज्याचे आश्वासन युद्धानंतरचे होते. देशाचे रक्षण आज करावयाचे आणि अधिकार मात्र उद्या मिळावयाचा, हे नेत्यांना मान्य होईना. वाटाघाटी फिसकटल्या. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव मंजूर झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाट होताच अटकसत्र सुरू झाले.

गांधीजींना मुंबईहून रेल्वेने आणून चिंचवड स्थानकावर उतरवण्यात आले आणि तेथून आगाखान पॅलेसमध्ये नेण्यात आले. कस्तुरबाही लवकरच तेथे आल्या. बंदिवासाचा पहिला आठवडा सरतो न सरतो तोच, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई हृदयविकाराने निवर्तले. १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी येथेच २१ दिवसांचे उपोषण केले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांची प्राणज्योत मालवली. गांधीजींची सुटका झाली ६ मे १९४४ रोजी. पण पत्नी आणि पुत्रवत सहकारी या दोघांच्या समाधी मागे ठेवून त्यांना त्या वास्तूबाहेर पडावे लागले.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकास, नगरच्या किल्ल्यात, बारा नेते स्थानबद्ध होते. बाहेर लक्षावधी माणसे मरत असताना आपण भिंतींआड निष्क्रिय बसून आहोत, याचे शल्य नेहरूंना सलत असे. ते किल्ल्याच्या आवारात बागकाम करीत, वाचीत आणि लिहीत. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा त्यांचा जगप्रसिद्ध ग्रंथ १९४४ साली येथेच लिहून झाला. मौलाना आझादांची पत्नी १९४३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यास वारली. तिची अखेरची भेट त्यांना घडली नाही.

आता दुसरी बाजू पाहू. या सहा वर्षांत भारतीय सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली. त्यांतील एकालाही सक्तीने भरती केलेले नव्हते. कोणी घरची परंपरा म्हणून गेला, तर कोणी कोरडवाहू शेतावर पोट भागेना म्हणून. गावच्या घरी दरमहा येणारी मनीऑर्डर हा अनेक कुटुंबांचा आधार होता. हे सैनिक आफ्रिकेच्या वाळवंटात लढले, ब्रह्मदेशाच्या अरण्यात लढले. सुमारे ८७ हजार जण परत आले नाहीत.

महायुद्धाचे पारडे १९४२ च्या अखेरीस फिरू लागले. इजिप्तमधील अल अलामीन येथे जर्मन आणि इटालियन सैन्याचा पराभव झाला. रशियातील स्टालिनग्राड शहरात घराघरांसाठी लढाई झाली आणि २ फेब्रुवारी १९४३ रोजी तेथील उरलेल्या जर्मन सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. १९४४ साली जपानी फौजा इंफाळ आणि कोहिमा येथवर आल्या. भारतीय आणि ब्रिटिश सैनिकांनी त्यांना तेथून परतवले. त्या लढाईत जपान्यांच्या बाजूनेही भारतीय होते. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या आझाद हिंद सेनेचे ते शिपाई स्वतःच्या मातृभूमीच्या मुक्तीसाठीच झुंजत होते. पारतंत्र्याने भावाला भावासमोर कसे उभे केले, याचे याहून विदारक उदाहरण सापडणार नाही.

बंगालमध्ये तर गोळी न झाडताही माणसे मेली. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, वादळाने पिके बुडाली, युद्धखर्चामुळे धान्याचे भाव गगनाला भिडले. जपानी सैन्याच्या हाती पडू नये म्हणून सरकारने किनाऱ्यावरील होड्या आणि तांदळाचे साठे आधीच हलवले होते. वेळेवर पुरेसे साहाय्य आले नाही. १९४३ च्या त्या दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या रोगराईत सुमारे ३० लाख लोक दगावले, असा अंदाज आहे.

इटलीत सुमारे ५० हजार भारतीय सैनिक लढत होते. त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. तुकडीचे नायक घाडगे यांच्याखेरीज सारे ठार वा जखमी झाले. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचा हा २२ वर्षांचा वीर क्षणाचाही विचार न करता एकटाच पुढे धावला आणि त्याने ते ठाणे निकामी केले; परंतु लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी त्याला तेथेच वीरमरण आले.

पुढच्या वर्षी, ९ एप्रिल १९४५ च्या सायंकाळी, पहिली पलटण सेनिओ नदीच्या काठी उभी होती. नदी लहानशी, रुंदी सुमारे पंधरा फूट, पाणी छातीइतके. पण दोन्ही तीरांवर पूर अडवण्यासाठी बांधलेले तीस-पस्तीस फूट उंचीचे ताठ बांध होते. ते आतून पोखरून जर्मनांनी ठाणी केली होती आणि सुरुंग पेरले होते. नगर जिल्ह्याचे शिपाई नामदेव जाधव हे कंपनीचे निरोप पोचवणारे शिपाई होते. वय २३ वर्षे. आपल्या कंपनी कमांडरांसमवेत ते नदी ओलांडून पलीकडे निघाले, तोच मागच्या बांधात दडलेल्या मशीनगन धडधडू लागल्या. कमांडर आणि दोन शिपाई जखमी झाले. त्या चमूतील बाकीचे धारातीर्थी पडले. धडधाकट उरले एकटे नामदेव.

त्यांनी प्रथम शत्रूकडे धाव घेतली नाही. एका जखमी सोबत्याला उचलले. छातीभर पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून, तो उभा चढ चढून त्यांनी त्याला सुरक्षित जागी पोचवले. मग ते परत आले आणि दुसऱ्यालाही तसेच घेऊन गेले. दोन्ही खेपांना उखळी तोफा आणि मशीनगन यांचा मारा चालूच होता. तिसऱ्या खेपेस मात्र ते शत्रूच्या ठाण्यांवर चालून गेले. पहिले ठाणे त्यांनी टॉमी गनने गप्प केले. हाताला जखम झाली, बंदूक चालवता येईना. तेव्हा ती टाकून देऊन त्यांनी हातबाँबनी आणखी दोन ठाणी उद्ध्वस्त केली. अखेर बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहून त्यांनी शिवछत्रपतींच्या नावाची रणगर्जना केली आणि मागे खोळंबलेल्या सोबत्यांना हात करून पुढे बोलावले. नामदेव जाधव यांना आणि मरणोत्तर यशवंत घाडगे यांना ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ हे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. नगरचे बहुतेक नेते त्या दिवशीही मुक्त झालेले नव्हते. मार्चअखेर नेहरूंना किल्ल्यातून हलवले होते, पण ते दुसऱ्या तुरुंगात. ज्या सरकारने नामदेवांना पदक दिले, तेच सरकार त्यांच्या देशाच्या नेत्यांचे कारागृहपाल होते.

मग या शिपायांचे रक्त व्यर्थ सांडले काय? हिटलरची राजवट कशी होती, हे ध्यानात घेतले की उत्तर मिळते. २७ जानेवारी १९४५ रोजी रशियन सैन्य पोलंडमधील ऑशविट्झ येथील छळछावणीत पोचले. ज्यू म्हणून जन्माला आले एवढ्याच अपराधासाठी तेथे आणि अशाच इतर ठिकाणी माणसांना विषारी वायूने, गोळ्यांनी आणि उपासमारीने मारले जात होते. सुमारे ६० लाख ज्यूंची अशी हत्या झाली. त्यांत लाखो बालके होती. ही राजवट मोडून काढणे हे साऱ्या मानवजातीचे काम होते आणि त्यात मराठी शिपायांचा वाटा होता. परंतु अन्यायाविरुद्ध लढणाऱ्यांचे हातही नेहमी निष्कलंक राहत नाहीत. ८ मे १९४५ रोजी जर्मनीच्या शरणागतीने युरोपातील युद्ध थांबले. ६ आणि ९ ऑगस्ट रोजी अमेरिकेने हिरोशिमा आणि नागासाकी या जपानी शहरांवर अणुबाँब टाकले. काही क्षणांत हजारो स्त्रिया, मुले आणि वृद्ध जळून गेले. २ सप्टेंबरला जपानने शरणपत्रावर सही केली. सहा वर्षांत पाच कोटींहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती आणि त्यांत सैनिकांहून सामान्य नागरिकच अधिक होते.

जगात पुन्हा असे युद्ध होऊ नये म्हणून २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर ५० देशांनी सह्या केल्या. त्यांत भारतही होता; पण त्याचे प्रतिनिधी ब्रिटिश सरकारने नेमलेले होते. त्याच शहरी नेहरूंच्या भगिनी विजयालक्ष्मी पंडित यांनी, कोणतेही अधिकारपद नसताना, भारताच्या स्वातंत्र्याची मागणी जगापुढे मांडली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी ती मागणी सफल झाली. महादेवभाईंच्या निधनास त्या दिवशी बरोबर पाच वर्षे झाली होती. पुढे १९५३ साली त्याच संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने विजयालक्ष्मींना आपल्या अध्यक्षपदी बसवले.

आज आगाखान पॅलेसच्या आवारात कस्तुरबांची आणि महादेवभाईंची समाधी आहे. इटलीतील मोंटोने या गावी २०२३ साली यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाचे स्मारक उभारण्यात आले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्यावरील लॅटिन वचनाचा आशय आहे. नगर रस्त्याच्या एका टोकाला अन्यायापुढे मान न तुकवणारे बंदिवान होते. दुसऱ्या टोकाकडच्या मुलखातून मृत्यूपुढे मान न तुकवणारा शिपाई निघाला होता. त्यांचे मार्ग भिन्न होते. परंतु एकाला नाकारलेले स्वातंत्र्य कोणालाच सुरक्षित ठेवीत नाही, हे दोघांच्याही चरित्रांतून उमगते. वाघोलीवरून जाणारा तो रस्ता अजूनही ही दोन टोके जोडतो आहे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) म्युनिकच्या बैठकीत कोणत्या देशाला स्थान नव्हते?
(आ) ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ कोठे लिहिला गेला?
(इ) डॉ. कोटणीस कोणत्या देशाच्या साहाय्यास गेले?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ‘एकाच वाक्याचा अर्थ युरोपात एक आणि आशियात दुसरा ठरला’ असे का म्हटले आहे?
(आ) नामदेव जाधव यांनी प्रथम शत्रूकडे धाव न घेता काय केले? त्यावरून त्यांचा कोणता गुण दिसतो?
(इ) बंगालच्या दुष्काळाची कारणे सांगा.

३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: पारडे फिरणे, शल्य सलणे, धारातीर्थी पडणे, मान तुकवणे.

४. तुमच्या गावातील कोणी सैनिक किंवा स्वातंत्र्यसैनिक होऊन गेला असल्यास वडीलधाऱ्यांना विचारून त्याची माहिती दहा ओळींत लिहा.